अडाण नदीवरचा पूल

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. भाषणात नाही, घरीही नाही. तुम्हाला सांगते — पण मध्ये काही विचारू नका, नाहीतर पुन्हा गप्प बसेन.

कापसाच्या आंदोलनाची वर्षं. यवतमाळच्या आमच्या शेतकरी संघटनेच्या कार्यालयात एकच कॉम्प्युटर, त्यावर मी पत्रकं लिहायची. लिलावाआधीच आपसात भाव ठरवणाऱ्या व्यापाऱ्यांना मी 'चोर' लिहिलं होतं — ठळक टायपात. आणि त्याच कॉम्प्युटरवर आम्ही तिघं ई-मेलनं रेल्वेचा खेळ खेळायचो. विदर्भाचा नकाशा, त्यावर ज्यानं त्यानं आपल्या कंपनीचे रूळ टाकत जायचे. गोपीचंद बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरचा. बाजाराच्या दिवशी दारव्ह्याच्या इंटरनेट कॅफेत बसायचा. शालिक राजूरच्या कोळसा खाणीत कारकून. दोघं कॉलेजपासूनचे जिवलग.

दर आठवड्याला एक फेरी; चाली माझ्याकडे यायच्या, मी त्या वेबवरच्या नकाशावर चढवायची. मीही खेळत होते, म्हणून एक नियम — आधी माझी चाल कागदावर लिहायची, मगच त्यांचे मेल उघडायचे. बघायला कोण होतं? कुणीच नाही. नियम माझ्यावरच सोडलेला होता.

गोपीचंदचे पणजोबा ज्या वाटेनं बैलांवर मीठ लादून न्यायचे, त्याच वाटेनं त्याला रूळ न्यायचे होते. वाटेत अडाण नदी, तिच्यावर एकच पूल. आधी घेईल त्याचा. एकदा पुढच्या आठवड्यात त्याला कॅफेत येणं जमणार नव्हतं, म्हणून त्यानं दोन फेऱ्यांच्या चाली एकदम पाठवल्या. दुसऱ्या फेरीत पूल.

मी तो मेल आधी उघडला. वाचला. मग माझी चाल लिहिली — पूल, पहिल्याच फेरीत.

चोर कोण मग?

गोपीचंदचा मेल आला. "ताई, तुम्ही तं आपली चाल लिहूनच आमचे मेल उघडता. पुलाचं मी आधी फक्त शालिकले सांगतलं होतं. त्यानंच तुमच्याजवळ फोडलं न?"

एका ओळीत खरं लिहिता आलं असतं. मी लिहिलं — खेळच तो, मनावर घेऊ नको. या वाक्यात काय आहे, पाहता? 'नाही' कुठेच नाही. पत्रकं लिहून लिहून मला एवढं तरी कळत होतं, की कोणता शब्द गाळला की कोण गुन्हेगार ठरतो.

त्यानं शालिकशी बोलणं तोडलं. शालिकचा मला फोन आला. "मी कधी सांगतलं तुले? तूच सांग न त्याले. तुयं ऐकते तो."

"मले मधात नको घेऊ," मी म्हणाले. "तुमचं तुम्ही पाहा."

भीती कशाची होती? खेळ हरण्याची? नाही. माझी पत्रकं वाचणाऱ्या दोन माणसांना मी कळले असते — त्याची.

वर्षभरानं राजूरला शालिकचं लग्न झालं. गोपीचंद आला नाही. मी गेले, पंगतीत बसले. शालिकची आई वाढता वाढता माझ्यापाशी थांबली.

"गोपी काहून नाही आला वं? याच्याशी भांडला का? हा तं काही सांगत नाही."

"बस चुकली असन, काकू," मी म्हणाले, आणि जेवत राहिले.