शेपटीला बांधलेलं लिंबू

चारुदत्त खिरवडकरला उभ्या आयुष्यात कोणी 'सर' म्हटलं नव्हतं. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं तो फिटर होता आणि तिथं त्याचं नाव 'ए चारू' होतं. पंचावन्नाव्या वर्षी कारखान्यानं घरी बसवलं, तेव्हा तेवढंही म्हणणारं कोणी उरलं नाही. म्हणून भनपुरीपलीकडच्या एका नव्या खाजगी शाळेनं रिमोटवरच्या विमानांचा वर्ग घ्याल का असं विचारलं, तेव्हा पुरानी बस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांत सण आला. अट एकच होती. उद्घाटनाला विमान उडवून दाखवायचं. उडालं तर नोकरी पक्की.

विद्या त्याची स्वतःची होती. थर्माकोल कापून केलेली नऊ विमानं मातीत घातली, तेव्हा कुठं त्याला हवा कळायला लागली होती. आठवडाभर त्यानं घरी तालीम केली. बायको पद्मजा तांदूळ निवडता निवडता त्याचा वर्ग झाली.

"पंख हवेले खाली ढकलते, म्हणून हवा पंखाले वर उचलते," तो सांगायचा. "मोटर पुढं ओढते, हवा मागं खेचते. पण तोल नसला तं सगळं मुसळ केरात!" मग पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांशावर केलेल्या खुणांखाली दोन बोटं लावून तो विमान उचलायचा. ते बोटांवर सपाट राहायचं. "नाक जड असलं तं विमान रडतकुढत का होईना, उडते. शेपूट जड झालं तं नाक वर करत जाते, पंखावरची हवा सुटते, अन् मग ते कोणाच्या बापाचं ऐकत नाही."

"समजलं, सर," पद्मजा हसून म्हणायची. तो शब्द ऐकायला चारुदत्त तोच धडा पुन्हा सांगायचा.

उद्घाटनाच्या दिवशी मैदानात त्यानं विमान दोन बोटांवर तोलून पाहिलं. तोल एकदम बरोबर होता. तेवढ्यात शाळेच्या संचालिका शर्मिष्ठा मॅडम पूजेचं ताट घेऊन आल्या. कुंकू लावलं, नारळ फोडला. इथवर ठीक होतं. मग त्यांनी मुठीएवढं लिंबू आणि सात मिरच्या ओवलेला जाड दोरा काढला आणि विमानाच्या शेपटीला स्वतःच्या हातानं बांधला. "नई गाड़ी में बाँधते हैं न, तो इसमें क्यों नहीं? नज़र लग जाएगी." टाळ्या पडल्या.

चारुदत्तला दिसत होतं. पाव किलोचाही ऐवज नव्हता तो, पण होता शेपटीच्या टोकाला. मॅडम, हे काढावं लागेल, एवढंच म्हणायचं होतं. पण कारखान्यात साहेबानं चुकीचा बोल्ट आवळायला सांगितला तरी तो तोच आवळायचा, आणि मागून शिव्याही तोच खायचा. ही सवय अशी मैदानात सुटते थोडीच! "हव, मॅडम," तो म्हणाला.

विमान उडालं. नाक वर करून चढतच गेलं. त्यानं रिमोटची काडी पार पुढं रेटली, तरी नाक खाली येईना. क्षणभर ते हवेत थबकलं, एका पंखावर कललं आणि रिकाम्या खुर्च्यांवर येऊन आदळलं. पोरं पोट धरून हसली.

"खिरवडकरजी, आपने चेक नहीं किया था?" मॅडमनी विचारलं.

"गलती हो गई, मॅडम."

आपल्या विद्येवर त्यानं स्वतःच्या तोंडानं डाग लावला. संध्याकाळी शाळेचा निरोप आला: आम्ही दुसरा माणूस बघतो आहोत.

मोडकं विमान त्यानं घरी आणलं. पंख तडकला होता, नाक चेपलं होतं. दोरा मात्र पक्का, लिंबू जागच्या जागी. पद्मजानं खुणांखाली दोन बोटं लावून विमान उचललं. शेपूट धप्पकन खाली गेलं. तिनं विळीवर दोरा कापला आणि पुन्हा उचललं. तेवढं मोडूनही विमान बऱ्यापैकी सपाट राहिलं.

"तुम्हाले तिथं दिसलं होतं न?"

"हव."

"मग काहून नाही बोलले?"

"मॅडमनं बांधलं होतं न."

पद्मजानं विमान हळूच कोपऱ्यात ठेवलं. आठवडाभर ज्याला ती हौसेनं 'सर' म्हणत होती, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "जेवून घ्या."