भिंतीलेही देवी

माझ्या मुलाने चंद्रपूरहून डिजिटल कॅमेरा आणला तेव्हा आम्ही मूल गावी राहत होतो. बहिणीची मुलगी लहानपणापासून माझ्याकडेच होती. तिला सावली गावचं स्थळ आलं होतं. मुलगा तिने एका लग्नात पाहिलेला. आवडला असं ती बोलली नाही, पण सावलीचं नाव निघालं की तिचं भाजी चिरणं थांबायचं. त्यांनी आधी फोटो मागितला.

अंगणात उभी राहायला ती तयार नव्हती. कुंपणापलीकडे बायका धान पाखडत होत्या, आणि त्यांचं लक्ष सुपात नव्हतं. घरात लाईट गेलेली. माझ्या मुलाने फ्लॅश मारला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत पोरीचं तोंड तांदळाच्या पिठात बुडवल्यासारखं दिसलं.

"हे आपली पोरगी नाई," मी म्हटलं. "आपली सावळी आहे. तिथं जाऊन पांढरी निघाली नाई तर बोल मले लागते."

त्याने फ्लॅश बंद केला. बटणं दाबत म्हणाला, "माय, याच्यात एक नंबर असते. तो वाढवला का कॅमेऱ्याले अंधारातबी दिसते."

"मंग तुह्या बापाचाबी वाढव. सांज झाली का लोट्याले ठेचकाळून राह्यला."

पोरगी हसली, तेवढ्यात त्याने फोटो काढला. नंबर त्याने पार वरच्या टोकाला नेला होता. काचेत फोटो झकास दिसला. सावलीच्या मुलाच्या आईला बारीक दिसत नाही असं कळलं होतं, म्हणून चांगला वहीएवढा मोठा करून पाठवला.

आठवड्याने मध्यस्थ आले. चहा संपेपर्यंत धानाच्या गोष्टी केल्या. मग म्हणाले, "बाई, राग नोका मानू. पोरीले देवी आल्या होत्या काय? तोंडभर वण दिसून राह्यले."

ती आतून ऐकत होती. त्या दिवशी जेवली नाही. मी समजूत घातली नाही. समजुतीने वण जात नाहीत, नसलेले तर नाहीच.

माझ्या मुलाला विचारलं. नंबर फार वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात, म्हणाला. लहान काचेत ते कळत नाहीत. दुसऱ्या सकाळी नंबर सगळ्यात खाली ठेवून त्याने तिला ओसरीच्या उजेडात उभी केली. फोटो स्वच्छ आला. पोरगी मात्र रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी.

तो घेऊन मी सावलीला गेले. मुलाची आई घरीच होती, मुलगाही. मी त्यांच्याकडचा मोठा फोटो मागितला.

"बाई, तोंड नोका पाहू. मागची भिंत पाहा."

तिने फोटो डोळ्यांना टेकवला. "भिंतीवरबी ठिपके आहेत."

"साडीवर?"

"साडीवरबी."

"मंग मह्या भिंतीलेही देवी आल्या होत्या म्हणा."

म्हातारी हसली. पण पक्की होती. "तरी मी येऊन पाहीन."

"या. दिवसा या. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाई."

आली. पोरीची हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं, गालावरून हात फिरवला आणि होकार दिला. सोबत आलेल्या तिच्या मुलाने, मी सावलीला ठेवून आलेला नवा फोटो मला परत केला.

"काऊन? हा साफ आहे," मी म्हटलं.

"साफ आहे मावशी. पण याच्यात त्या हसून नाई राह्यल्या."

ठिपक्यांचा फोटो त्यांच्या भिंतीवर आहे. साफ फोटो माझ्या पेटीत पडून आहे.