न कापलेले डोळे
परवा पुस्तकं बांधणाऱ्या जिल्दसाजाच्या दुकानात खळीचा वास आला आणि काशीच्या दूधविनायक गल्लीतली ती तसबीर आठवली. साहेबाचं राज्य होतं तेव्हा. मी फोटो समोर ठेवून काळ्या कागदाचे चेहरे कापत असे. कापलेला कागद पांढऱ्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवला की कात्री जिथं फिरली तिथं पांढरं दिसे. डोळे मात्र शेवटी कापायचे, कारण त्या दोन चिरा पडल्या की चेहरा जागा होतो. गल्लीतल्या एक विधवा बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. "मास्तर, हुबेहूब करा, पण डोळे कापू नका." मी कारण विचारलं. "बोलत कधी नसत, नुसते बघत बसायचे. आता बस झालं." मी डोळे न कापता काळेच ठेवले, ओठही मिटलेले ठेवले. गंगेचा पूर ओसरला तेव्हा त्या तसबीर आलवणाच्या पदराखाली झाकून परत आल्या. दोन्ही डोळ्यांच्या जागी बारीक पांढऱ्या चिरा होत्या. "तुम्ही कापलेत?" मी नीट पाहिलं. कसर लागली होती. खळीत किडीसाठी मोरचूद घालायला मीच विसरलो होतो, तसं सांगितलंही. "मग कसरीनं बाकीचा कागद का नाही खाल्ला?" एवढं विचारून त्या तसबीर माझ्याकडेच पालथी ठेवून गेल्या. परवा घरी येऊन मी ती ट्रंकेतून काढली. इतक्या वर्षांत कसर दुसरीकडे कुठं फिरकलेली नाही. फक्त ओठांच्या मधोमध एक पांढरी फट उघडू लागली आहे.