मापमामांचा अर्धा इंच

मापमामांना माणसांची नावं आठवत नसत, मापं आठवत. रस्त्यानं जाणाऱ्या कुणी रामराम घातला की ते डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "हां, चाळीस छाती, पंधरा गळा. बरा हाईस का?" लग्नाच्या मांडवात ते एखाद्या व्याह्याला सगळ्यांदेखत सांगत, "पावणं, दिवाळीपासनं दोन इंच पुढं आलाव तुमी." व्याही रागावायच्या ऐवजी हसत हसत पोट आत घ्यायचे. गळ्यातला टेप मामा अंघोळीपुरताच काढत असावेत. त्यांचं खरं नाव विचारलं तर निम्म्या सास्तूर गावाला सांगता आलं नसतं. ते मापमामा, त्यांचं दुकान मापमामांचं, आणि त्यांच्या दुकानाशेजारी माझं दुकान, म्हणून माझ्या दुकानाचा पत्ता 'मापमामांच्या बाजूला'. मी हौसेनं करून घेतलेल्या मोठ्या पाटीचा काही उपयोग झाला नाही.

माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, रिचार्ज, आणि काचेच्या कपाटात चार लॅपटॉप नि चार टॅब. जन्म सास्तूरचा असला तरी मी वाढलो उमरग्याला, आत्याकडं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आई-वडील दोघंही गेले. घरातल्या ट्रंकेत लग्नाचा एक फोटो होता म्हणतात, तोही गेला. आई कशी होती, हे मी लहानपणापासून दिसेल त्याला विचारत आलो आणि उत्तर एकच यायचं, "लई चांगली होती बघ." आत्याही तेवढंच म्हणायची आणि पदर डोळ्याला लावायची. चांगली सगळ्यांचीच आई असते. मला तिची एखादी तरी गोष्ट हवी होती, फक्त तिचीच. उमरग्यात धंदा बरा चालला असता, तरी मी गावात येऊन दुकान टाकलं ते याच आशेनं. हे कुणाला सांगितलं नव्हतं. मामांनी मात्र पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

मामांच्या वह्यांविषयी मी आत्याकडून ऐकलं होतं. बायकांची मापं घ्यायचं काम मामींचं. त्या पडद्यामागून मोठ्यानं सांगायच्या आणि मामा बाहेर मशीनवर बसून वहीत उतरवून घ्यायचे. मामी कर्नाटकातल्या, बोलायच्या कानडीत. मामांचंही चौथीपर्यंतचं शिक्षण आजोळी कानडी शाळेत झालेलं. त्यामुळं आकडे ते मराठीत लिहीत आणि मामींचं बाकीचं बोलणं खाली बारीक कानडीत. भूकंपात मामीही गेल्या. मशीन तेवढं लोखंडी पायांवर उभं राहिलं आणि त्याच्या खणातल्या वह्या वाचल्या.

पुढचं मला गावातल्या दहा माणसांनी सांगितलं, आणि दहाही जणांचा सांगताना आवाज खाली आला. मदत म्हणून ट्रकांनी कपडे येऊन पडले होते. शहरातले कोट होते, झगे होते, पण अंगाला बसेल असं काहीच नव्हतं. माणसं ढगळ्या कपड्यांत दोऱ्या बांधून फिरत होती. बायको जाऊन पंधरा दिवस झालेला हा माणूस पत्र्याच्या शेडमध्ये मशीन मांडून बसला आणि ते कपडे उसवून गावाच्या अंगाचे करू लागला. कुणी माप द्यायला पुढं आलं की म्हणायचा, "माप हाय माझ्याकडं. तू नुसतं ह्यो कपडा ठिवून जा." एका बाईनं मला सांगितलं, "अंगावर नीट बसलेलं पोलकं चढलं आन् तवा कुठं मला रडू आलं. तवर मी कुणी दुसरीच हुते." मी हे ऐकलं त्या दिवशी दुकानात परत येऊन शेजारी बघितलं, तर मामा शांतपणे काजं करत बसले होते.

जे गेले त्यांची पानंही मामांनी फाडली नाहीत, त्यांवर काट मारली नाही. "माप जुनं व्हतंय, खोटं होत न्हाय," असं ते म्हणत. मग लोक ती पानं बघायला येऊ लागले. ज्यांच्याकडं फोटो उरला नाही ते यायचे. एका मुलीनं लग्नातलं पोलकं आईच्या मापाचं शिवून घेतलं आणि स्वतःच्या अंगाला बसावं म्हणून एक टीपसुद्धा उसवू दिली नाही. मी आलो त्या पहिल्या आठवड्यात मामांनी न विचारता वही काढली, पानांच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि नेमकं पान उघडलं. "ही तुझी आई, तम्मा." ते लहानांना तम्माच म्हणत, कानडीतला धाकटा भाऊ. मी वाकून बघितलं. पोलक्याचं माप, छाती चौतीस, उंची तेरा, बाही सहा, गळा सात. खाली पुसट झालेली कानडी. तेव्हाच मामांचे डोळे अधू झाले होते, बारीक अक्षर त्यांना लागत नव्हतं, आणि मला कानडी येत नव्हती. मी आकडे पाठ केले आणि घरी गेलो. खरं सांगायचं तर ते आकडेच होते. त्यांतून आई काही उठून आली नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मामा माझ्या दुकानात स्टूल टाकून बसत. तिथं त्यांनी माझा धंदा बिघडवला असं मी बरीच वर्षं समजत होतो. एकदा एक निवृत्त गुरुजी लॅपटॉप घ्यायला आले. मी रॅम, स्टोरेज, प्रोसेसर अशी पोपटपंची सुरू केली. शेजाऱ्यानं घेतलाय म्हणून गुरुजींना लॅपटॉपच हवा होता. मामांनी मधेच विचारलं, "गुरुजी, रोज काय करणार तुमी ह्याच्यावर?"

"पेपर वाचीन. कीर्तन ऐकीन. नातवाला बघीन."

"बसून का पडून?"

गुरुजी लाजले. "पडूनच की आता."

"मग ह्यो दीड किलोचा दगड छातीवर ठिवून कीर्तन ऐकणार का?" मामांनी गळ्यातला टेप काढला, गुरुजींना वर्तमानपत्र धरायला लावलं आणि नाकापासून कागदापर्यंत माप घेतलं. "टॅब द्या ह्यास्नी. स्वस्तातला चालंल. अक्षर मोठं करून द्या म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाणारी एक मुलगी आली. तिला टॅब हवा होता, हलका, पर्समध्ये बसणारा. आता मामा खूश होतील म्हणून मी टॅब काढला, तर त्यांनी तिला विचारलं, "पोरी, लिव्हायचं किती असतंय तुला?" ती म्हणाली, प्रोजेक्ट असतात, पन्नास-पन्नास पानांचे. "मग काचंवर बोटं आपटून पन्नास पानं व्हायची न्हाईत. तुझं अंग वाढतं हाय. दोन बोटं कापड आत सोडून घ्यावं लागतंय. लॅपटॉप घे." मी चिडून म्हणालो, "मामा, काल तर लॅपटॉप दगड होता!" ते म्हणाले, "काल अंग दुसरं हुतं. आदी अंग, मग कापड. तू आदी कापडच दाखवतूस." ज्या माणसानं जन्मात कीबोर्डाला हात लावला नव्हता, त्याचं म्हणणं एकदाही चुकलं नाही. एरवी बदलून मागायला भांडत येणारं गिऱ्हाईक मामांनी निवडून दिलेलं यंत्र घेऊन कधी परत आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी मामांना सांगितलं की डोळ्याचा पडदा खराब झालाय, आहे तेवढी नजर जपा. वह्यांतली पेन्सिलही विरत चालली होती. नजर आधी जाते की अक्षर, एवढाच प्रश्न राहिला होता. मामा गिऱ्हाईक म्हणून माझ्यासमोर स्टुलावर बसले. "तम्मा, ह्या वह्या ठिवायच्यात. येणाऱ्याला दाखवता आल्या पायजेत. टॅब घिऊ का लॅपटॉप?"

मला वाटलं, आता आपली पाळी. मी छाती फुगवून सांगितलं की लॅपटॉपच, टॅबवर असलं काम होत नसतं. वह्या घेऊन चार दिवस बसलो आणि सगळी मापं तक्त्यात भरली. नाव, छाती, उंची, बाही, गळा. नाव टाकलं की क्षणात ओळ पुढं येईल अशी सोय केली. माझ्या आईचीही ओळ भरली, हात न थांबता. कानडी तेवढी सोडून दिली. शिंप्याच्या कापायच्या खुणा असतील, त्या लोकांना काय करायच्या, असा माझा हिशेब.

पाचव्या दिवशी लातूरहून एक बाई आपल्या आईचं पान बघायला आल्या. मी लॅपटॉप उघडला. पडद्याचं तोंड माझ्याकडं, पाठ त्यांच्याकडं. त्यांना काउंटरला वळसा घालून माझ्या मागं येऊन उभं राहावं लागलं. मी नाव टाकलं, ओळ पिवळी झाली. त्यांनी थोडा वेळ बघितलं. "ही का आई?" एवढं म्हणाल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि साडेतीनच्या गाडीनं निघून गेल्या.

मामा स्टूल ओढून लॅपटॉपजवळ बसले. त्यांना रागावलेलं मी कधी बघितलं नव्हतं आणि तेव्हाही ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "खालचं कानडी कुठंय?"

मी सांगितलं, ते घेतलं नाही.

"आकडं माझं हुतं रे. खालचं सगळं तिचं हुतं. ती पडद्यामागनं बोलायची, म्या लिव्हायचो." टेपचं टोक ते बोटाला गुंडाळत होते. "लोकांस्नी म्या आकडं दाखवीत हुतो, आन् माझ्यासाठी वही उघडीत हुतो. तू तिलाच गाळलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी बसून सहा वर्षं मी त्यांचं 'आदी अंग, मग कापड' ऐकत होतो, लोकांना हसून सांगत होतो, आणि माझ्या स्वतःच्या माणसाचं अंग मला दिसलं नव्हतं. मी कपाटातला सगळ्यात स्वस्तातला टॅब काढला. त्या दिवसापासून रोज दुपारी अंगणातल्या उजेडात एकेक पान धरून फोटो काढले. दोन बोटं पडद्यावर ठेवून फाकवली की अक्षर मोठं होतं, हे मामांना दाखवावं लागलं नाही. कापडाची चुणी काढावी तशी त्यांनी बोटं फाकवली आणि पुसट पेन्सिलीतलं एकेक अक्षर तळहाताएवढं झालं. ते पहिलं अक्षर वाचून थांबले. मग हसले. इतक्या वर्षांत न वाचता आलेलं ते वाचत होते. "बगितलंस? म्हणती, ही बाई श्वास रोखून माप देती, दोन इंच जादा धर." पुढच्या पानावर, "ही म्हणं, गळा लहान शिव, सासू बघती." मामी तीस वर्षांनी पडद्यामागून बोलत होत्या आणि मामा मान डोलवत ऐकत होते. मी शेजारी बसून मराठीत उतरवून घेत होतो. टॅब कधी त्यांच्या मांडीवर, कधी माझ्या. लॅपटॉप असता तर एकाला त्याच्या पाठीकडं बसावं लागलं असतं.

माझ्या आईचं पान नवव्या दिवशी आलं. ते आल्याचं मला आकड्यांवरून कळलं, चौतीस, तेरा, सहा, सात. माझा हात लिहायचा थांबला. मामांनी अक्षर मोठं केलं, आधी कानडीत वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि टॅब माझ्या मांडीवर ठेवला.

"लिवलंय, डावा खांदा अर्धा इंच खाली. पोरगं कडंवरनं उतरंना."

मी दोन बोटांनी ती ओळ आणखी मोठी केली.

"आता आठवतंय मला. तुला खाली ठिवलं की गाव गोळा करायचास. तुला एका हातानं धरून तिनं तसंच माप दिलं. आमची ही हसून हसून बेजार." मामांनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यो अर्धा इंच तिचा न्हाय, तम्मा. तुझा हाय."

मामा मागच्या उन्हाळ्यात गेले. शेवटी त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण टॅब मांडीवर घेऊन ते पानं सरकवत बसत आणि मी माझ्या वहीतून वाचून दाखवत असे. आता तो टॅब माझ्या दुकानात असतो. कुणी पान बघायला आलं की मी काउंटरच्या बाहेर येतो, शेजारी स्टूल घेतो आणि टॅब त्यांच्या मांडीवर देतो. लातूरच्या बाईंना फोन करून परत बोलावलं होतं. त्या आल्या आणि मुक्कामाला राहिल्या.

परवा आत्या आली होती. चहा पिता पिता आईचा विषय निघाला आणि सवयीनं ती म्हणाली, "लई चांगली होती बघ." पदर डोळ्याकडं जायच्या आत मी म्हणालो, "आत्या, तिचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता. मी कडेवरून उतरत नव्हतो."