रंभाबाईनं चक्कीला टाकी मारली

तापीवरून गार वारा येत होता. रंभाबाईनं सकाळीच चक्कीचा पट्टा चढवला.

सासऱ्यानं नदीकाठी ही चक्की टाकली, तेव्हा इथं नुसतं रान होतं. पलीकडून नावेनं दळण आणणाऱ्या बाया पिठासाठी थांबायच्या, म्हणून चहाची टपरी झाली. मग किराणा दुकान, मग घरं. वस्तीचं नावच चक्की पडलं.

दगडाला टाकी मारायचं, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडायचं काम नवऱ्याचं, निंबाचं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून यंदा पहिल्यांदाच रंभाबाईनं टाकी मारली होती. पीठ भरड आलं, तर बाया लोधीपुऱ्याला दळायला जाणार होत्या.

शेजारची प्रतिभा कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचा डबा घेऊन आली. रंभाबाईनं आधी घरची ज्वारी दळून बाजूला ठेवली.

"हे कोनाचं, काकी?"

"मासोळ्याइचं. टाकीनंतरच्या पहिल्या पिठात दगडाची कचकच असते. ते तापीत सोडायचं."

"म्हंजे मासोळ्याइले दात हायेत!"

मग प्रतिभाचं दळण पडलं. खाटेवरच्या निंबानं चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, जिभेवर ठेवलं. रंभाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"टाकी कोनं मारली?"

"तुमच्या सासूनं! काऊन, भरड आलं का?"

"नाही वं. माझ्यापरीस बारीक आलं. चला, मी मोकळा झालो."

"मोकळे कशाचे? बसल्या बसल्या चाळण्या झाडा."

प्रतिभा हसत म्हणाली, "उद्या गहू बी आनते, काकी."

रंभाबाईनं रांगेतला पुढचा डबा उचलला आणि चक्कीत ओतला.