पाचव्या घरचा जोगवा

आठ महिने आमचे हे घराबाहेर एक शब्द बोलले नव्हते. अर्धांगाच्या झटक्यातून पाय सावरले, जीभ मात्र अडखळे. कुणी हसेल म्हणून चारचौघांत ते तोंडच उघडत नसत. एके काळी हाच माणूस पानवाल्याशी तासभर गप्पा मारायचा. ते दवाखान्यात असताना मी तुळजाभवानीला बोलले होते, ‘आई, यांना चालतं कर, नवरात्रातल्या मंगळवारी पाच घरी जोगवा मागीन.’ आईनं तिचं केलं. माझंच पाऊल उचलेना. सारी नोकरी कचेरीत खुर्चीवर बसून केलेली मी. मियापूरच्या आमच्या सोसायटीत परडी घेऊन दारोदार पीठ मागायचं, या विचारानंच मेल्याहून मेल्यासारखं होई.

शेवटी पळवाट काढली. जिथं कुणी ओळखत नाही तिथं जाऊन मागायचं. देवीला जणू हे कळणारच नव्हतं! परडी पिशवीत दडवली, कवड्यांची माळ पदराखाली घेतली आणि यांना घेऊन मेट्रोत बसले. गाडी नामपल्लीच्या वरून जाऊ लागली तसे हे लहान मुलासारखे काचेला नाक लावून गच्च्यांवर वाळणाऱ्या मिरच्या, पापड बघत राहिले. एमजीबीएस स्टेशनला गाडी बदलून नारायणगुड्याला उतरलो आणि चालत बरकतपुऱ्यात शिरलो. इतकी वर्षं या तेलुगू शहरात काढून ह्या गल्ल्या मी पाहिल्याच नव्हत्या. बुटकी घरं, दारी कढीपत्ता, फाटकाच्या खांबावर झोपलेलं मांजर. मी इतकी हरखले की कशाला आलो तेच क्षणभर विसरले.

पहिल्या दारी एका मुलीनं पिशवीकडे बघून सांगितलं, “आंटी, हमने कुछ नै मंगाये,” आणि दार लावलं. तिला मी पार्सलवाली वाटले. ओशाळून परत फिरणार, तोच समोरच्या अंगणातून हाक आली. एक म्हातारी पिवळ्या फुलांचे थर लावून बतकम्मा, इकडची नवरात्रातली फुलांची देवी, रचत होती. पिशवीतून डोकावणारी परडी तिनं बरोबर ओळखली.

“एम्मा, यल्लम्मा का जोगु?”

मी भवानीचं नाव सांगितलं. ती हसली. “एकीच है अम्मा. माँ के नाम पे मंगने को शरम कायकू?” तिनं माझ्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओंजळभर ज्वारीचं पीठ वाढलं आणि फुलं तशीच टाकून माझ्या पुढं चालू लागली. प्रत्येक दारी ती तेलुगूत घरच्यांना हाक मारी, मी “आई राजा उदो उदो” म्हणे, आणि परडीत कुठं गव्हाचं, कुठं तांदळाचं पीठ पडे. चार घरं झाली. पाचव्या दारी घरधनीण वाटी घेऊन उभी राहिली आणि परक्यांची एवढी माया बघून मला शब्दच फुटेना.

“नाम लेओ अम्मा,” म्हातारी म्हणाली. नाव घेतल्याशिवाय जोगवा कसा पडायचा?

“आई... राजा...” मागून आवाज आला. अडखळत, पण खणखणीत. “उदो... उदो!”

हे बोलले होते, भर रस्त्यात, अनोळखी बायकांसमोर. कुणी हसलं नाही. त्या घरधनिणीनं दोनदा पीठ वाढलं आणि मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले.

डॉक्टर म्हणतात, वाचा हळूहळू यायचीच होती. असेलही. मला एवढंच कळलं की आम्ही दोघं लाजेनं मिटून बसलो होतो, आणि आईनं दोघांना एकाच दारात उभं केलं. तिच्यापुढं हात पसरल्यावर आपलं असं झाकायला काही उरत नाही.

संध्याकाळी त्या पाच घरच्या पिठाची भाकरी केली. तांदूळ, गहू, ज्वारी एकत्र, ती फुगली नाही, तव्यावर मोडली. पहिला तुकडा शेजारच्या दारी दिला आणि जोगव्याचा आहे म्हणून सांगितलंही. मग ह्यांना वाढली. ह्यांनी घास घेतला, चावला, माझ्याकडे पाहिलं.

“मी... मीठ कमी,” हे म्हणाले.

आठ महिन्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं होतं. मी देवापुढं दुसरा दिवा लावला.