जागच्या जागी पेडणे

बाबांची सायकल बंद करायची, हा निर्णय डोळ्यांच्या डॉक्टरांनी बसल्या बसल्या घेतला आणि तो अंमलात आणायचं काम माझ्याकडे आलं. बाबांना समोरचं दिसत होतं, बाजूचं दिसत नव्हतं. आणि आमच्या हळर्णच्या रस्त्यावर जे काही अंगावर येतं ते बाजूनेच येतं. एका स्कूटरवाल्याने त्यांना गटारात घातलं तेव्हा ते उलट त्यालाच विचारत होते, तुला लागलं नाही ना म्हणून. हाडं शाबूत राहिली. सायकल मात्र मी साखळी घालून मागच्या पडवीत बांधून टाकली.

बाबा वीज खात्यात मीटर वाचायचे. पार इब्रामपूरपर्यंतची घरं त्यांनी त्या काळ्या सायकलवरून केली. मीटर वाचायला लागायचा क्षणभर, आणि मग त्या घरच्या सोप्यावर बसून गजाली, ही त्यांची काम करायची पद्धत. निवृत्तीनंतर मीटर सुटले, गजाली सुटल्या नाहीत. मासळीचं निमित्त करून रोज सकाळी पेडण्याच्या बाजाराला जायचे आणि कधीकधी मासळी विसरून परत यायचे.

सायकल बांधली तसे ते बोलेनासे झाले. चालत जा म्हटलं तर जायचे नाहीत. मीटरवाला चालत आला की लोकांना वाटतं लाइट तोडायला आला, म्हणायचे. मुलीच्या स्कूटरवर मागे बसणं तर त्यांच्या लेखी आजाऱ्याचं काम. खुर्चीत बसून राहायचे आणि रस्त्यावर सायकलची घंटा वाजली की मान वळवायचे. माणूस म्हातारा होतो हे मला ठाऊक होतं, पण तो असा डोळ्यांदेखत होताना बघायची माझी तयारी नव्हती. मला भीती वाटायला लागली.

धाकटा भाऊ वास्कोला बंदरात नोकरीला आहे आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "ताई, स्मार्ट ट्रेनर घेऊया." मला वाटलं, व्यायाम शिकवायला कुणी चुणचुणीत पोरगा घरी येणार. निघालं लोखंडी यंत्र. त्याला सायकल जोडायची आणि जागच्या जागी पेडल मारायचं. समोरच्या पडद्यावर रस्ता दिसतो, रस्त्यावर चढ आला की यंत्र पेडल जड करतं, आणि तुम्ही किती जोर लावला ते वॅटमध्ये मोजून मोबाइलवर कळवतं.

"म्हणजे बाबांनी किती चालवली ते मला इथे बसून दिसेल," भाऊ खुशीत म्हणाला.

जन्मभर दुसऱ्यांचे मीटर वाचलेल्या माणसाला आता स्वतःचाच मीटर लागणार होता, आणि तो वाचणार होता मुलगा, तेही वास्कोहून.

पैसे त्याचे आणि निवड माझी, असं ठरलं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मला सगळं कळतं असा घरात समज आहे. इंटरनेटवर या यंत्रांची परीक्षणं ऐकली. परीक्षण करणारे सगळे घट्ट कपड्यांतले, पोट नसलेले पुरुष. त्यांच्यातल्या एकाच्याही घरी रुसलेला बाप नव्हता. शेवटी डिचोलीला राहणाऱ्या माझ्या सहकारी बाईंच्या नवऱ्याला शरण गेले. तो दर रविवारी सायकलवाल्यांच्या घोळक्यात असतो. त्याने दोन यंत्रं गाडीत घालून आणली, वापरून बघा म्हणाला.

पहिलं भारीतलं. अचूक, आवाज नाही, सगळ्या परीक्षणांत अव्वल. त्याला जोडायला सायकलचं मागचं चाकच काढून टाकावं लागतं.

"फाटलें रोद काडून सायकल?" बाबा म्हणाले. "गोरवाचो पाय काडून ताका चरपाक सोडटा कोण?"

त्यातून त्या यंत्राला गिअरवाली सायकल लागे, आणि बाबांच्या सायकलला गिअर म्हणजे बाबांचे पाय. मग डिचोलीकराने स्वतःची वाकड्या हँडलची सायकल जोडून दिली. बाबा तिच्यावर ओणवे झाले, थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिले आणि उतरले. "हांगा बसून मनशाचें तोंड दिसना," एवढाच त्यांचा अहवाल. मग मीच चढले. आल्प्सचा चढ लावला होता. अर्ध्यावर माझा जीव मेटाकुटीला आला आणि तेवढ्यात लाइट गेली. आल्प्स एकदम सपाट झाला. वीज खात्याचा मला इतका लळा पूर्वी कधी लागला नव्हता.

दुसरं यंत्र सगळ्या परीक्षणांत नापास. यात चाक काढावं लागत नाही. एक रूळ टायरला खालून दाबून धरतो. मोजमाप कमीजास्त, टायर घसरतो, आवाज तर असा की शेजारीण भात कांडायला घेऊन येईल. पण त्यात बाबांची सायकल बसत होती. डिचोलीकराने स्टँड काढला, आसाचे नट बदलले, कॅरियर मात्र बाबांनी काढू दिला नाही. जिथे जायचंच नाही तिथे कॅरियर कशाला, हे मी विचारलं नाही. नापास यंत्र मी पास केलं.

प्लग पॉइंट हॉलमध्ये, टीव्हीजवळ, म्हणजे नेमका चवथीला गणपती बसतो तिथे. चवथीपर्यंत देव जागा देईल, असं धरून चाललो.

पहिल्या दिवशी बाबा चढले. भावाने पाठवलेल्या टॅबलेटवर प्रश्न उमटला: आज कुठे जायचं? मी तो मोठ्याने वाचला आणि बाबा खाली उतरले.

निघालेल्या माणसाला 'कुठे' असं आमच्याकडे विचारत नाहीत. विचारलं की काम फसतं. अगदीच राहवत नसेल तर 'पयस?' म्हणजे 'लांब का?' एवढंच म्हणायचं. सांगायचं असेल तर तो सांगेल. "हें मेशीन पेडल मारचे आदींच खंय म्हण विचारता," बाबा वैतागून म्हणाले. मग रीतीप्रमाणे थोडे बसले, पाणी प्यायले आणि पुन्हा चढले. यंत्राला रीत कुठली माहीत, त्याने दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं. शेवटी बाबा हॉलमध्ये यायच्या आधीच मी त्याचं उत्तर देऊन ठेवू लागले.

आठवडाभर बाबा आल्प्समध्ये हिंडले. रोज भावाचा फोन यायचा, आज इतके वॅट. बाबा म्हणायचे, "बरें." एकदा मी विचारलं, रस्ता कसा आहे? "रस्तो बरो आसा. मनीस ना," ते म्हणाले.

मग भावाने शोध लावला की त्या पडद्यावर आपलाच रस्ता भरता येतो. मोबाइल स्कूटरच्या हँडलला बांध, घर ते पेडण्याचा बाजार चित्रण कर, वाटेत कुठेही थांबू नकोस, नाहीतर चढांचं गणित बिघडेल, अशी त्याची आज्ञा. एका रविवारी मी ती तंतोतंत पाळली.

बाबांनी तो रस्ता लावला तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पेडल जड व्हायच्या आधीच ते चढावर उभे राहिले. वळणावर घंटा वाजवली. वासराला रस्ता दिला. मी दारात उभी राहून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. पहिला चढ संपला आणि तिठ्यावरचं चहाचं दुकान आलं. दुकानदार, बाबांचा जुना सोबती, हातात ग्लास घेऊन रस्त्यावर आला आणि ओरडला, "बापूस खंय गो? दिसना हल्ली!"

"बरे आसात!" हा माझा आवाज. आणि दुकान मागे पडलं.

बाबांचे पाय थांबले, तसा पडद्यावरचा रस्ताही थांबला.

"तो म्हाका विचारतालो."

"होय."

"आनी तूं रावलें ना."

चढांचं गणित बिघडलं असतं, असं मी म्हणाले. बोलता बोलताच मला माझी लाज वाटली. बाबा रागावले नाहीत. "फाटीं घे," एवढंच म्हणाले. मी चित्रण मागे घेतलं. तो परत ग्लास घेऊन बाहेर आला, परत त्याने विचारलं आणि परत मी थांबले नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी बघते तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरजवळ उभे. मी चावी आणली. मागे बसून माझा खांदा धरून ते कुठला खड्डा येतोय ते आधीच सांगत होते. दुकानदाराने काही विचारलं नाही, बाकावरची दुधाची किटली उचलून तेवढी जागा केली. मग कुणाच्या घरचा मीटर कसा पळायचा, कोण वारलं, कुणाची सून चांगली निघाली, असं बराच वेळ चाललं. मी बाकाशेजारच्याच झाडाखाली स्कूटरवर बसून पेपर तपासले.

भावाचा फोन आला. "ताई, आज बाबांचं शून्य दिसतंय. यंत्र बिघडलं का?"

"यंत्र ठीक आहे. बाबा बाहेर आलेत."

"बाहेर? कुठे?"

फोन स्पीकरवर होता आणि बाबांचे कान अजून तिखट आहेत. त्यांनी बाकावरूनच हात पुढे केला, फोन घेतला. "खंय म्हण विचारू नये रे. वास्को गेलो आनी तितलेंय विसरलो?"

मग भावाने हळूच, लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "पयस, बाबा?"

त्या बाकावरून आमच्या घराची कौलं दिसतात.

"पयस," बाबा म्हणाले. "खूब पयस आयलां." आणि त्यांनी आणखी एक चहा सांगितला.